मराठी ब्लॉगचे गूगलवरून येणारे वाचक का आटतात? नेहमीच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

कोडगा (धागाकर्ता)

गूगलवरून येणारे वाचक घटले की सगळ्यात आधी बोल लागतो तो गूगलच्या अपडेटला. कधी ते खरंही असतं. पण त्याआधी स्वतःच्या घरात डोकावावं: पत्ते बदललेत का, कुठे नको ती टिक पडलीय का, होस्टिंगवाला क्रॉलरला (पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या यंत्राला) दारातूनच परत पाठवतोय का. या धाग्यात अशाच चुकांबद्दल बोलू. ‘दर्जेदार लिहा’ हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, तो इथे नको.

सुरुवात आलेखापासून. सर्च कन्सोलमध्ये (ब्लॉग शोधात कसा दिसतो ते दाखवणारं गूगलचं साधन) ‘परफॉर्मन्स’ उघडा आणि मुदत १६ महिन्यांची ठेवा. त्याआधीचे आकडे तिथे मिळतच नाहीत, म्हणून ज्यांना जुनी तुलना हवी त्यांनी दर काही महिन्यांनी ते उतरवून ठेवावेत. मग घसरण कशी आहे ते बघा.

एक-दोन दिवसांत कडा कोसळल्यासारखी रेष शून्याकडे गेली असेल तर कारण बहुधा तांत्रिक असतं: नोइंडेक्स (‘यादीत घेऊ नका’ ही खूण), रोबॉट्स फाइल (क्रॉलरची वाट अडवणारी), सर्व्हर, मुदत संपलेलं डोमेन, नाहीतर मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसाने लावलेली शिक्षा. रेष महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल तर पानं शिळी झालीत किंवा कुणीतरी तुमच्यापेक्षा चांगलं लिहिलंय. इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात तो आकडा) तेवढेच आणि क्लिक कमी, असं असेल तर इंडेक्सिंग, म्हणजे गूगलच्या यादीतली नोंद, ठीक आहे. तिथे शीर्षकं तपासा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर गूगल स्वतःच वर देऊन टाकतंय का तेही बघा.

तुलना करताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली सणांची. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, २०२६ साली १४ सप्टेंबरला. मोदक, आरत्या, सजावट अशा पानांची तुलना तारखेला तारीख लावून केली तर २०२५ चा सप्टेंबर भकास दिसणारच. चतुर्थीच्या आधीचे १४ दिवस एका वर्षाचे आणि तेच १४ दुसऱ्या वर्षाचे, असं लावून बघा. दुसरी फसगत सप्टेंबर २०२५ मधली. एका पानावर १०० निकाल मागवायची सोय गूगलने तेव्हा बंद केली. क्रमांक मोजणारी यंत्रं तीच वापरून निकाल गोळा करायची आणि त्यांची हजेरीही इम्प्रेशनमध्ये धरली जायची. त्यामुळे अनेकांचे इम्प्रेशन एकदम पडले आणि सरासरी क्रमांक सुधारलेला दिसला. खरा वाचक त्यात कुठे हरवलेला नाही. क्लिकची रेष बघा आणि स्वस्थ बसा.

निळी शाई

उत्तम धागा. नोइंडेक्स आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटी यांचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून तेवढं लिहिते.

रोबॉट्स फाइल क्रॉलरला सांगते, ‘या वाटेला येऊ नकोस.’ नोइंडेक्सची खूण पानाच्या आत असते आणि सांगते, ‘वाच, पण यादीत घेऊ नकोस.’ एखादं पान यादीतून काढायचं म्हणून लोक दोन्ही लावतात. मग होतं काय, की वाट बंद असल्यामुळे क्रॉलर आत येत नाही आणि आतली खूण त्याला दिसतच नाही. बाहेरून त्या पानाला दुवे असतील तर पत्ता यादीत तसाच राहतो, फक्त वर्णनाविना. सर्च कन्सोलमध्ये ‘रोबॉट्सने अडवलं तरी इंडेक्स झालं’ अशी नोंद दिसते ती हीच. पान काढायचं असेल तर वाट मोकळी ठेवा, नोइंडेक्स लावा आणि क्रॉलर येऊन जाईपर्यंत थांबा. नोइंडेक्स ही सूचना रोबॉट्स फाइलमध्येच लिहायची जुनी युक्ती १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल मानत नाही. जुन्या मार्गदर्शक लेखांत ती अजून सापडते.

वर्डप्रेसवाल्यांनी ‘सेटिंग्ज’मधलं ‘रीडिंग’ पान उघडून शोधयंत्रांना परावृत्त करणारी चौकट रिकामी आहे ना ते बघावं. नव्या साच्याची चाचणी करताना ती टिक लावली जाते आणि चाचणीची प्रत जशीच्या तशी खऱ्या पत्त्यावर चढते. आवृत्ती ५.३ पासून ही टिक पानोपानी नोइंडेक्सची खूण टाकते, त्यामुळे रोबॉट्स फाइल स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. शहानिशा एकाच ठिकाणी होते: सर्च कन्सोलच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पत्ता टाकून ‘लाइव्ह टेस्ट’. ब्राउझरमध्ये पान उघडतंय याचा अर्थ गूगललाही ते उघडतंय असा होत नाही.

हे होस्टिंगच्या बाबतीत फार खरं आहे. स्वस्त होस्टिंगवरची सुरक्षाभिंत कधीकधी गूगलबॉटलाच (गूगलच्या क्रॉलरलाच) हल्लेखोर समजते. सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये ‘क्रॉल स्टॅट्स’ आहे, तिथे ५ ने सुरू होणारे तीन आकडी त्रुटी-क्रमांक वाढलेत का बघा. रोबॉट्स फाइल मागितल्यावरच ५०३ येत असेल तर गूगल आधी १२ तास क्रॉलिंग थांबवतं आणि पुढे ३० दिवसांपर्यंत तिची जुनी प्रत वापरतं.

पाटावरवंटा

पाककृतींचा ब्लॉग असेल तर पत्ते देवनागरीत ठेवावेत की रोमनमध्ये? एक जण म्हणतो देवनागरीने क्रमांक घसरतो, दुसरा म्हणतो वाढतो. जुने दोनेकशे लेख रोमनमध्ये बदलावेत का?

कोडगा

पाटावरवंटा, जुने बदलू नका. हेच उत्तर आहे, बाकी सगळा तपशील.

देवनागरी पत्ता गूगलला व्यवस्थित कळतो. अडचण वेगळीच आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. वर्डप्रेस स्लगला (पत्त्यातल्या लेखाच्या नावाला) २०० जागा देतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं.

‘उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत’ हे शीर्षक घ्या. ‘उकडीचे’ची ६ चिन्हं, ‘मोदक’ची ४, ‘करण्याची’ची ८. झाली १८, म्हणजे १६२ जागा. मधल्या तीन आडव्या रेघा धरून १६५. ‘सोप’पर्यंत १९२ होतात आणि पुढच्या दीर्घ वेलांटीला २०१ वी जागा लागते. ती नाही. स्लग तयार होतो: उकडीचे-मोदक-करण्याची-सोप. वेलांटी गेली, ‘पद्धत’ गेली. क्रमांकावर याचा परिणाम होत नाही, पण व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तो टक्क्यांचा भलामोठा साप दिसतो, आणि कुणी अर्धाच उचलला तर दुवा तुटतो.

म्हणून नव्या लेखांना आखूड स्लग स्वतः द्यायचा. ‘उकडीचे-मोदक’ एवढं पुरे, देवनागरी असो की रोमन. जुन्यांना हात लावला तर फायदा शून्य आणि धोका खरा. एकेका लेखाचा स्लग बदललात तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) नव्याकडे पाठवतं. पण ‘पर्मालिंक’चा (लेखांच्या पत्त्यांचा) साचाच बदललात, म्हणजे वर्ष-महिना काढून टाकला किंवा मागे एचटीएमएल चिकटवलं, तर तिथे ते नुसता अंदाज बांधतं. अंदाज चुकला की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’.

आणि पाककृतीवाल्यांसाठी: ‘मोदक २०२४’, ‘मोदक २०२५’ असे दरवर्षी नवे लेख नकोत. एकच पान, पत्त्यात साल नाही, दरवर्षी तेच दुरुस्त करायचं. वेगवेगळ्या सालांचे चार लेख एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

सह्यकडा

ब्लॉगस्पॉटवाल्यांना कुणी वाली नाही का? घ्या.

ब्लॉगर मराठी शीर्षकाचा पत्ता बनवूच शकत नाही. म्हणून निम्म्या मराठी ब्लॉगांचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर अमुक’ असे दिसतात. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत ‘पर्मालिंक’मध्ये जाऊन ‘कस्टम’ निवडा आणि रोमनमध्ये लिहा. देवनागरी तिथे चालत नाही. एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलायचं तर लेख मसुद्यात परत न्यावा लागतो आणि जुना पत्ता मरतो. तो वाचवायला सेटिंग्जमध्ये ‘कस्टम रीडायरेक्ट’ आहे, तिथे ‘पर्मनंट’ची कळ चालू करायला विसरू नका. पण कोडगा म्हणतात तेच: गरज नसेल तर राहू द्या तो ब्लॉग-पोस्ट.

आता मोठी खोड. सर्च कन्सोलमध्ये पत्त्याच्या शेवटी ‘एम बरोबर १’ (?m=1) लागलेली शेकडो पानं दिसतात आणि माणूस घाबरतो. ती ब्लॉगरची मोबाइल आवृत्ती. कॅनॉनिकल (खरा पत्ता कोणता ते सांगणारी खूण) मूळ पानाकडेच बोट दाखवतं, म्हणून ती ‘योग्य कॅनॉनिकल असलेलं पर्यायी पान’ या खात्यात पडतात. ही नोंद निरोगी आहे. काही व्हिडिओंत सांगतात की रोबॉट्स फाइलमध्ये हे पत्ते अडवा. अडवलेत की संपलं. ब्लॉगर मोबाइलवाल्याला त्याच पत्त्यावर पाठवतं आणि गूगलचा क्रॉलर हल्ली मोबाइल बनूनच येतो. म्हणजे पाहुण्याला ज्या खोलीत पाठवायचं तिलाच कुलूप. तसंच, लेबलांची पानं ‘सर्च’ या वाटेखाली असतात आणि ब्लॉगरची मूळ रोबॉट्स फाइल ती वाट मुळातच बंद ठेवते. ती अडवलेली दिसणारच, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

‘कस्टम रोबॉट्स हेडर टॅग’ ही कळ ज्यांना नेमकं काय हवंय ते माहीत आहे त्यांनीच चालू करावी. ‘पोस्ट आणि पेज’च्या रकान्यात नोइंडेक्सवर बोट पडलं की अख्खा ब्लॉग गायब.

वाटाड्या

ब्लॉगस्पॉटवरून वर्डप्रेसवर जायचंय, गेली कित्येक वर्षं लिहिलेले लेख आहेत. क्रम कसा असावा?

सह्यकडा

वाटाड्या, घाई करू नका. आधी ब्लॉगरलाच स्वतःचं डोमेन जोडा. डोमेनच्या डीएनएसमध्ये (पत्त्यांच्या नोंदवहीत) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी ब्लॉगर सांगतं त्या दोन सीनेम नोंदी, आणि नुसत्या डोमेनसाठी चार ए नोंदी: २१६.२३९.३२.२१, मग तिसऱ्या गटात ३४, ३६ आणि ३८, बाकी आकडे तेच. ‘रीडायरेक्ट डोमेन’ आणि ‘एचटीटीपीएस रीडायरेक्ट’ दोन्ही चालू. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप ३०१ ने नव्याकडे जातो. गूगलच्या निकालांत नवं डोमेन स्थिरावू द्या, त्याला काही महिने लागतात. घर बदलायचं ते नंतर. थेट ब्लॉगस्पॉटवरून उडी मारली तर ब्लॉगरकडे परक्या पत्त्यासाठी खरा ३०१ नाही, जावास्क्रिप्टच्या कसरती कराव्या लागतात.

वर्डप्रेसवर आल्यावर साचा वर्ष, महिना, स्लग आणि मागे एचटीएमएल असाच ठेवा. आयात करणारं प्लगइन प्रत्येक लेखाचा जुना पत्ता ‘ब्लॉगर पर्मालिंक’ नावाच्या कस्टम फील्डमध्ये ठेवतं. तो नव्या पत्त्याशी पडताळा. जिथे जुळत नाही तिथे एकास एक ३०१. फीडचा आणि लेबलांचा पत्ताही बदलतो, तेही यादीत धरा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे न जुळणारे सगळे पत्ते मुखपृष्ठावर वळवणं. गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’ धरतं, म्हणजे रीडायरेक्ट असून नसल्यासारखा. ज्याला खरोखर जोडीचं पान नाही त्याला ४०४ मिळू द्या. ४०४ने बाकीच्या ब्लॉगला काही होत नाही.

निळी शाई

वर्डप्रेसच्या टॅगांबद्दलही कुणीतरी बोला. एका लेखाला वीस टॅग आणि त्यातल्या पंधरांखाली तोच एकटा लेख. म्हणजे लेख एक आणि पोकळ पानं पंधरा. त्यात ‘शेतकरी’, ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘शेती’ वेगळे. माझं मत: तीनपेक्षा कमी लेख असलेले टॅग पुसून टाका, उरलेल्यांना दोन ओळींची ओळख लिहा.

कोडगा

अर्धा सहमत. छोट्या ब्लॉगला पोकळ टॅगांनी गूगल शिक्षा करत नाही, फक्त ‘क्रॉल केलं पण इंडेक्स केलं नाही’ची यादी फुगते. पण वाचकाच्या दृष्टीने टॅग आवरायलाच हवेत. जुन्या वर्डप्रेसवर याहून फालतू पानं आहेत ती प्रत्येक चित्रासाठी आपोआप बनणारी अटॅचमेंट पानं. नोव्हेंबर २०२३ मधल्या ६.४ पासून नव्या साइटवर ती बंद असतात, जुन्यांवर मात्र चालूच राहतात. एसईओचं (शोधात नीट दिसण्यासाठीचं) कुठलंही बरं प्लगइन ती थेट चित्राच्या फाइलकडे वळवतं.

अनुस्वार

दोन मराठीच्या खास गोष्टी राहिल्या.

जुन्या फॉन्टचा मजकूर. शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत डोळ्याला मराठी दिसते, पण खाली साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तसा मजकूर किंवा त्यातून बनवलेली पीडीएफ ब्लॉगवर असेल तर गूगलच्या लेखी ती अगम्य अक्षरांची रास आहे. पडताळणी सोपी: मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, नाहीतर परिवर्तक वापरून बदला आणि डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते.

तेच चित्रांचं. कविता, पाककृती, शासन निर्णयाचा सारांश सुंदर पार्श्वभूमीवर छापून जेपीजी म्हणून टाकायचा आणि लेखात दोन ओळी. चित्र ठेवा, पण मजकूर खाली टाइपही करा.

आणि लेखनभेद. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसतात सारखे, आत वेगळे. सर्च कन्सोलमध्ये शब्दाने गाळणी लावताना दोन्ही रूपं घालून बघा. पुष्कळ लोक रोमनमधून मराठी टाइप करून शोधतात, तेही तिथेच दिसेल. पण तेवढ्यासाठी लेखाच्या तळाशी दोन्ही लिप्यांतल्या शब्दांची माळ ओवू नका. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तर मुळीच नाही, ते सरळ स्पॅम आहे.

पाटावरवंटा

साच्यात भाषा ‘इंग्रजी-अमेरिका’ अशी दिसते, त्याने मराठी शोधात मागे पडतो का?

अनुस्वार

नाही. गूगल भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, त्या खुणेवरून नाही. तरी बदला, कारण अंधांसाठीचे स्क्रीन रीडर आणि ब्राउझरची भाषांतराची पट्टी तिच्यावर चालतात. एकच लेख मराठी आणि हिंदीत असेल तर एचरेफलँग (दुसऱ्या भाषेतलं पान दाखवणारी खूण) लावा. मराठीचा संकेत ‘एमआर’ आहे, ‘एमएच’ नव्हे, आणि खूण दोन्ही पानांवर एकमेकांकडे हवी. एकतर्फी असली तर दुर्लक्षिली जाते.

कोडगा

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर: इंग्रजी लेख यंत्राने मराठीत करून रोज तीस-चाळीस पानं ओतणारे ब्लॉग मार्च २०२४ नंतर झपाझप गळाले. त्या महिन्यात गूगलने ‘मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेला मजकूर’ स्पॅमच्या व्याख्येत घेतला आणि कोअर अपडेटही (क्रमवारीच्या पद्धतीतला मोठा बदल) सोबत चाललं, ५ मार्च ते १९ एप्रिल. यंत्र वापरलं हा गुन्हा नाही. कुणी न तपासता, नवं काही न घालता, केवळ शोधात दिसावं म्हणून ओतलं, हा आहे. नुसती तारीख ढकलून जुना लेख ताजा दाखवणं हीदेखील त्याच जातीची हुशारी. साइटमॅपमधली (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीतली) ‘शेवटचा बदल’ ही तारीख गूगल वापरतं, पण ती खरी आढळत असेल तोवरच. ‘प्रायॉरिटी’ आणि ‘बदलाची वारंवारता’ हे रकाने ते बघतही नाही.

सह्यकडा

वेगाबद्दल थोडक्यात, कारण त्याचा बाऊ फार होतो. मर्यादा अशा: मुख्य घटक दिसायला २.५ सेकंद, प्रतिसादाला २०० मिलिसेकंद, पान हलण्याचा निर्देशांक ०.१. प्रतिसादाचं हे मोजमाप मार्च २०२४ पासून आयएनपी आहे, जुनं एफआयडी विसरा. खऱ्या वाचकांचे २८ दिवसांचे आकडे धरले जातात, म्हणून आज दुरुस्ती केली तर उद्या हिरवं दिसणार नाही.

मराठी ब्लॉगांत दोनच गोष्टी बहुधा आडव्या येतात. देवनागरी वेबफॉन्टची सहा-सहा वजनं चढवलेली असतात. दोन ठेवा, वॉफ२ या आटोपशीर स्वरूपात. आणि लेखाच्या वरचं मोठं चित्र ‘लेझी लोड’वर (वाचक तिथे पोचेल तेव्हाच उतरवायच्या सोयीवर) असतं. वर्डप्रेस स्वतः ५.९ पासून पहिल्या चित्राला त्यातून वगळतं, पण वेगवर्धक प्लगइन पुन्हा लावून ठेवतात. त्याच्या सेटिंगमध्ये पहिलं चित्र वगळा. एवढं झालं की वेगचाचणीतल्या ९२ चे ९८ गुण करण्यात रात्र घालवू नका, क्रमांकावर त्याने केसाइतकाही फरक पडत नाही.

निळी शाई

घबराटीत केलेल्या दुरुस्त्या मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतात, त्यातल्या दोन सांगते. सर्च कन्सोलचं ‘रिमूव्हल्स’ हे साधन: एचटीटीपीचे जुने पत्ते दिसतात म्हणून लोक ते त्यातून काढायला जातात. ते साधन एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि विना अशी सगळी रूपं एकदम लपवतं, सुमारे सहा महिने. चुकून केलं असेल तर त्याच पानावर विनंती रद्द करता येते, लगेच करा.

दुसरं, निकालांत आपल्या ब्लॉगखाली जपानी शीर्षकं दिसू लागली तर तो हॅक आहे. फुकटात मिळवलेला चोरीचा साचा किंवा प्लगइन हे नेहमीचं दार. नुसती पानं पुसून भागत नाही. सर्च कन्सोलच्या ‘यूजर्स अँड परमिशन्स’मध्ये अनोळखी मालक बसलाय का बघा, त्याची पडताळणीची फाइल सर्व्हरवरून काढा, नाहीतर तो परत येतो. मग वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने चढवा, सगळे पासवर्ड बदला आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’मधून पुनर्तपासणी मागा.

वाटाड्या

धन्यवाद सगळ्यांना. एकच राहिलं: ते ३०१ किती दिवस ठेवायचे? प्लगइनची यादी लांबलचक होणार.

सह्यकडा

कमीत कमी एक वर्ष, असं गूगलच सांगतं. बाहेरून दुवे असलेले किंवा लोकांनी जतन केलेले पत्ते असतील तर कायमचे. यादी लांब झाली म्हणून बिघडत नाही, साखळी लांब झाली की बिघडतं. ‘अ’कडून ‘ब’कडे आणि ‘ब’कडून ‘क’कडे असं झालं असेल तर ‘अ’ थेट ‘क’ला जोडा. गूगलबॉट १० टप्प्यांनंतर नाद सोडतो. आणि लेखांच्या आतले आपलेच दुवे शोधून नव्या पत्त्यांवर आणा. डेटाबेसची प्रत घेऊन मग ‘शोधा आणि बदला’ चालवा, प्रत न घेता नको.